डॉक्टरेट तिकडची, दवाखाना इकडचा

उल्हासनगरच्या कॅम्पांपासून अंबरनाथमार्गे बदलापूरपर्यंत रिक्षाने जाताना पाट्या वाचायची सवय असेल, तर अलीकडे एक नवी पाटी सारखी दिसू लागली आहे. दातांचा दवाखाना आणि पॅथॉलॉजी लॅब यांच्यामधला एखादा गाळा. नावाआधी ‘डॉ.’, नावापुढे ‘पीएच.डी. (यूएसए)’, खाली काउन्सेलिंग, हिप्नोथेरपी, करिअर गायडन्स, विवाहपूर्व समुपदेशन. सगळ्यात खाली ‘सायं. ६ ते ९, रविवारी फक्त अपॉइंटमेंटने’. पाटीवर ‘डॉ.’ दिसलं की आपण पुढचं वाचत नाही. फी किती ते विचारतो आणि चप्पल काढून आत जातो.

सोनिवली हे बदलापूर पश्चिमेच्या बाजूचं गाव आता नगरपरिषदेच्या हद्दीत आहे. ज्यांना ठाणं परवडलं नाही, डोंबिवली परवडली नाही, ते इकडे आले. नवरा-बायको पहाटेच्या लोकलने निघून गेले की घरात उरतात आजी-आजोबा आणि शाळेतून एकटी येणारी मुलं. मूल गप्प गप्प राहतं, दहावीतली मुलगी जेवत नाही, आजोबा रात्रभर जागे असतात, यासाठी ‘कुणाशी तरी बोलून घ्या’ हा सल्ला आता शेजारीही देतात. तो ‘कुणीतरी’ कोण, हे मात्र कुणी सांगत नाही. ठाण्याला १९०१ पासूनचं मनोरुग्णालय आहे, डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. पण ऑफिसातून परतताना पुन्हा ठाण्याला उतरायचं, मुलाला तिथे बोलवायचं आणि रात्रीच्या गर्दीत बदलापूर पकडायची, हे दर आठवड्याला कोण करणार? म्हणून जवळचा गाळा.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेतल्या दोन चिमुकल्या मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण उघड झालं, २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले आणि लोकल ठप्प झाल्या. त्यानंतर इथल्या पालकांच्या तोंडी सीसीटीव्हीच्या जोडीला समुपदेशक हा शब्द आला. पुढच्या वर्षी, २५ जुलै २०२५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने सुकदेब साहा प्रकरणात विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षण घेतलेला किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा, असं त्यात आहे. आमच्याकडे शंभराच्या आतल्या शाळा शोधाव्या लागतील. म्हणजे येत्या काळात माणसं नेमली जाणार, अर्ज येणार, आणि त्या अर्जांना परदेशी डॉक्टरेटची प्रमाणपत्रंही जोडलेली असणार. मुख्याध्यापकांनी ती कशी वाचायची?

प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. तो फक्त बोगस पदव्यांचा असता तर पोलिसांवर सोडून मोकळं होता आलं असतं. खऱ्या, मेहनतीने मिळवलेल्या, उत्तम विद्यापीठाच्या डॉक्टरेटचंही इथे काय करायचं, हे आपलं ठरलेलं नाही. आणि आपल्याकडची खरी डॉक्टरेट घेऊन तिकडे गेलेल्यांचंही तेच होतं.

आधी आपला कायदा. भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे आरसीआय, १९९२ च्या कायद्याने आली आणि १९९३ च्या जूनमध्ये तो कायदा लागू झाला. अपंगांच्या पुनर्वसनाशी संबंधित सोळा प्रकारच्या व्यावसायिकांची केंद्रीय नोंदवही ती ठेवते आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट त्यात येतात. मान्य पात्रता आणि नोंदणी नसताना हे काम करणाऱ्याला वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, असं कलम १३ सांगतं. हजार रुपये हल्ली अनेक ठिकाणी एका सेशनची फी असते. दुसरा कायदा मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७. तो मे २०१८ पासून अमलात आहे. त्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्या आहे. एक तर आरसीआयने मान्य केलेल्या संस्थेतून क्लिनिकल सायकॉलॉजीची मान्य पात्रता हवी, नाही तर मानसशास्त्रातली पदव्युत्तर पदवी आणि वर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल., तेही देखरेखीखालच्या क्लिनिकल प्रशिक्षणासह, आणि तेही आरसीआयची मान्यता असलेलं. नियमांनी ठरवलेल्या इतर पात्रतांसाठी शेवटी एक फट ठेवली आहे.

या व्याख्येत ‘डॉक्टरेट’ कुठेच नाही. पीएच.डी. आहे की नाही, हे कायदा विचारतच नाही.

यामागे इतिहास आहे. कलकत्ता विद्यापीठात १९१६ मध्ये मानसशास्त्राचा विभाग निघाला तो प्रयोगशाळेचा. मुंबई-पुण्यासह नंतरच्या बहुतेक विभागांनी तोच वारसा घेतला, म्हणजे आलेख, स्मृतीचे प्रयोग आणि बुद्धिमापन. रुग्णाशी गाठ पडली ती इस्पितळात. बंगळूरच्या अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्थेत, म्हणजे आजच्या निम्हान्समध्ये, १९५५ मध्ये मेडिकल सायकॉलॉजीचा डिप्लोमा सुरू झाला. त्याचंच पुढे एम.फिल. झालं. रांचीलाही तसंच. म्हणजे माणसं घडवणारं शिक्षण वॉर्डात वाढलं आणि डॉक्टरेट विद्यापीठाच्या ग्रंथालयात. दोघांची भेट झालीच तर व्यक्तीपुरती.

अमेरिकेत उलटं झालं. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांच्या मनांची वाताहत सावरायला माणसं हवी होती. तिथल्या माजी सैनिक विभागाने १९४६ मध्ये प्रशिक्षणाला पैसा दिला, आणि १९४९ मध्ये कोलोराडोतल्या बोल्डरला जमलेल्या मंडळींनी ठरवलं की मानसशास्त्रज्ञ हा आधी संशोधक आणि सोबत उपचारक असावा, आणि हे दोन्ही डॉक्टरेटच्या आतच शिकवलं जावं. कनेटिकटने १९४५ मध्येच मानसशास्त्रज्ञांसाठीचा पहिला कायदा केला होता. १९७७ मध्ये मिसुरीचा झाला आणि सगळी राज्यं आली. त्यामुळे तिकडे पीएच.डी. किंवा साय.डी. (डॉक्टर ऑफ सायकॉलॉजी) याच्या पोटातच वर्गातले विषय, प्रॅक्टिकम आणि वर्षाची पूर्णवेळ इंटर्नशिप असते. शब्द एकच, ‘डॉक्टरेट’, पण एकीकडे तो प्रबंध आहे आणि दुसरीकडे प्रबंधासकट पाच-सहा वर्षांची उमेदवारी.

आता एक फाइल घेऊ. खऱ्या कुणाची उघडून दाखवणं बरं नव्हे, म्हणून मनानेच तयार करू. मुलगी सोनिवलीची. बी.ए. इथल्याच कॉलेजात, एम.ए. कलिनाला मुंबई विद्यापीठाच्या उपयोजित मानसशास्त्र विभागात, तिथेच पीएच.डी. लग्न होऊन जाते सॅन होजेला. तिथे मराठी माणूस काही कमी नाही. २०२४ चं बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन तिथेच भरलं होतं. घरच्यांच्या मते ती डॉक्टरच. पहिल्याच महिन्यात कळतं की कॅलिफोर्नियाच्या मानसशास्त्र मंडळाला तिची पदवी तशीच चालत नाही. परदेशी पदवी तिकडच्या मान्यताप्राप्त विद्यापीठाच्या डॉक्टरेटच्या तोडीची आहे, असा अहवाल मान्य मूल्यमापन संस्थेकडून आणावा लागतो. अशा संस्थांचा एक राष्ट्रीय संघ आहे, १९८७ मध्ये स्थापन झालेला. आपल्याकडे सगळ्यांना माहीत असलेली डब्ल्यूईएस ही त्यातलीच.

मूल्यमापनाची सुरुवात पाकिटापासून होते. गुणपत्रकांच्या प्रती विद्यापीठाने स्वतः बंद पाकिटात घालायच्या, पाकिटाच्या तोंडावर शिक्का असा मारायचा की अर्धा झाकणावर आणि अर्धा खाली येईल, आणि ते पाकीट कुणी उघडायचं नाही. ‘आत काय आहे ते बघून घेऊ’ म्हणून घरच्या कुणी प्रेमाने फोडलं, की कलिनाची फेरी पुन्हा. डॉक्टरेटसाठी प्रमाणपत्राची झेरॉक्स पुरत नाही. पदवी खरोखर दिली आहे असं पत्र विद्यापीठाकडून थेट जावं लागतं. आता बरंच काम ऑनलाइन होतं, म्हणून पोस्टाची धाकधूक कमी झाली आहे, पण नावाचा घोळ तसाच आहे. आपल्या गुणपत्रकावर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं, मग आईचं. पासपोर्टवर लग्नानंतरचं आडनाव आणि मधल्या जागी नवऱ्याचं नाव. तिकडच्या तपासनिसाला एकाच फाइलमध्ये तीन बायका दिसतात. गॅझेट, विवाह नोंदणीचा दाखला, प्रतिज्ञापत्र, सगळं जोडायचं. आईच्या पिढीतली असेल तर तिच्या पदवीवर ‘बॉम्बे युनिव्हर्सिटी’ आणि पत्रावर ‘मुंबई’. १९९६ मध्ये नाव बदललं, हेही समजावून सांगायचं.

अहवाल येतो. चांगला येतो. ‘अमेरिकेतल्या मानसशास्त्राच्या डॉक्टरेटशी समतुल्य.’ घरात पेढे. इथे बहुतेकांची समजूत फसते. हा अहवाल सांगतो तो पदवीचा शैक्षणिक दर्जा, परवान्याचा शब्द त्यात नसतो. परवाना देणारं मंडळ वेगळं, त्याचा प्रश्न वेगळा. समोर माणूस बसवून, अनुभवी मानसशास्त्रज्ञाच्या नजरेखाली तुम्ही किती तास काम केलं, असं ते विचारतं. कॅलिफोर्नियाचा आकडा ३,००० तास, त्यातले किमान १,५०० डॉक्टरेटनंतरचे. आठवड्याला चाळीस तास धरले तर ७५ आठवडे. शिवाय देखरेख करणारा स्वतः परवानाधारक हवा आणि त्याची सही हवी.

आता आपल्या पीएच.डी.कडे पाहा. विषयाची नोंदणी, गाइड, सहामाही प्रगती अहवाल, सिनॉप्सिस, प्रबंध, व्हायवा. शे-दोनशे जणांकडून प्रश्नावल्या भरून घ्यायच्या, एसपीएसएसमध्ये आकडे घालायचे, सहसंबंध काढायचा. कामाला कमी लेखायचं कारण नाही. त्यात लोकांची वर्षं जातात. पण त्यात रुग्ण समोर बसलेला असतोच असं नाही, आणि गाइड कुठल्याही नोंदवहीत असावा लागत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये कोर्सवर्क सक्तीचं केलं; २०२२ च्या नियमांत त्याचे किमान १२ क्रेडिट आहेत. त्याआधीच्या पिढीकडे दाखवायला वर्गातला एक तासही नाही. मग मूल्यमापन करणारा म्हणतो, डॉक्टरेट आहे. मंडळ म्हणतं, असेल, पण इंटर्नशिप कुठे आहे?

आणि गंमत पाहा, तिची वर्गमैत्रीण, जिने पीएच.डी.च्या भानगडीत न पडता दोन वर्षं वॉर्डात एम.फिल. केलं, केस हिस्टऱ्या लिहिल्या, चाचण्यांचे अहवाल केले, थेरपीच्या नोंदींवर वरिष्ठांच्या लाल शाईच्या शिव्या खाल्ल्या, तिला कॅलिफोर्नियात दारातच थांबवतात. तिच्याकडे डॉक्टरेट नाही! जिने पेशंट पाहिले तिच्याकडे पदवी नाही, जिच्याकडे पदवी आहे तिने पेशंट पाहिले नाहीत, आणि दोघींनाही परवाना नाही. एकीने पुन्हा पहिल्या वर्षापासून डॉक्टरेट करायची, दुसरीने क्लिनिकल प्रशिक्षणाचा वेगळा पूरक अभ्यासक्रम शोधायचा, किंवा दोघींनीही हट्ट सोडून विवाह-कुटुंब समुपदेशकाचा, मास्टर्स पातळीचा परवाना धरायचा.

तासांची अट पुरी झाली तर परीक्षा. ती बहुतेक सगळ्या अमेरिकी राज्यांत आणि कॅनडाच्या बऱ्याच प्रांतांत चालते : २२५ प्रश्न, त्यातले १७५ गुणांसाठी धरलेले, वेळ सव्वाचार तास. कॅलिफोर्नियात वर कायदा आणि नीतिनियमांची वेगळी परीक्षा. यांत आमची मुलं सहसा मागे पडत नाहीत. परीक्षा हा आपला राष्ट्रीय खेळच आहे. अडतं ते आधीच्या कागदांवर.

परदेशी पदवीचा हा प्रश्न आमच्या लाइनवरच फार आधी येऊन गेला आहे. आनंदीबाई जोशी कल्याणच्या. पेनसिल्व्हानियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ ला एम.डी. झाल्या. कोल्हापूर संस्थानाने अल्बर्ट एडवर्ड इस्पितळाच्या स्त्री-विभागाची जबाबदारी देऊ केली ती पत्राने. समतुल्यतेचा अहवाल कुणी मागितला नाही, कारण मागणारी संस्थाच नव्हती. मुंबई इलाख्यात डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा आला १९१२ मध्ये. आनंदीबाई तोवर राहिल्या नाहीत. फेब्रुवारी १८८७ मध्येच गेल्या. वैद्यकशास्त्राने पुढे हा प्रश्न निकालात काढला. आज रशिया-जॉर्जियातून एम.बी.बी.एस. होऊन आलेल्याला ३०० प्रश्नांची चाळणी परीक्षा आहे, १५० बरोबर आले की दार उघडतं. परीक्षा चांगली की वाईट यावर भांडता येईल, पण दार कुठे आहे ते तरी सगळ्यांना ठाऊक आहे. अभियंत्यांसाठी वॉशिंग्टन करार आहे. २०१४ पासून भारत त्याचा पूर्ण सदस्य आहे. मानसशास्त्राला असा जगभरचा करार नाही.

दुसरी फाइल उलट दिशेची. मुलगा तिकडे शिकला. अमेरिकेत साय.डी., मान्यताप्राप्त कार्यक्रम, वर्षाची पूर्णवेळ इंटर्नशिप, परीक्षा पास. आई-वडील थकले म्हणून परत बदलापुरात आला. त्याच्यासारख्याची तर गावाला गरज. पण मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाच्या व्याख्येत तो आपोआप बसत नाही. त्याच्याकडे एम.फिल. नाही आणि त्याची संस्था आरसीआयच्या यादीतली नाही. १९९२ च्या कायद्याच्या कलम १२ मध्ये परदेशी पात्रतांसाठी तरतूद आहे : परिषदेने दुसऱ्या देशाच्या अधिकृत संस्थेशी बोलणी करावीत, परस्परांच्या पदव्या मान्य करण्याची योजना ठरवावी आणि मग केंद्र सरकारने ती पात्रता परिशिष्टात घालावी. देशाने देशाशी बोलायची ही वाट आहे, आणि आपला मुलगा एकटाच फाइल घेऊन उभा आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२५ मध्ये परदेशी पदव्यांच्या समतुल्यतेचे नवे नियम आणले. त्याआधी हे काम भारतीय विद्यापीठ संघ करत असे. नियम स्वागतार्ह आहेत, पण वैद्यक, औषधनिर्माण, नर्सिंग, विधी, वास्तुकला आणि ज्या पात्रता वैधानिक परिषदांच्या ताब्यात आहेत त्यांना ते लागू नाहीत. त्यामुळे आमच्या या मुलाची डॉक्टरेट कॉलेजात प्राध्यापकी मिळवायला चालू शकते. तो उद्या क्लिनिकल सायकॉलॉजी शिकवू शकेल. त्याला ती प्रत्यक्ष करता येईल की नाही, हा वेगळ्या कार्यालयाचा प्रश्न.

आणि तरीही तो उद्या सकाळी पाटी लावू शकतो. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ असं नाही लिहिता येणार, पण नुसतं ‘समुपदेशक’ लिहायला आपल्याकडे कुणाची परवानगी लागत नाही. हीच पाटी तीन महिन्यांचा शनिवार-रविवार कोर्स केलेलाही लावू शकतो. दोन्ही गाळ्यांत फी तीच. २०२१ मध्ये आलेल्या सहयोगी आरोग्यसेवा व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्याने ही पोकळी भरायचं ठरवलं. त्याच्या अनुसूचीत आरसीआयखाली येणाऱ्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट सोडून बाकीचे मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक आहेत. त्याच कायद्याच्या आधाराने २०२५ मध्ये दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीचे मानसशास्त्राचे अभ्यासक्रम बंद करायला विद्यापीठांना सांगितलं गेलं. घरबसल्या एम.ए. मानसशास्त्र करणाऱ्या आमच्याकडच्या गृहिणींची त्यामुळे वाट अडली, हे खरं, आणि त्यांना पर्याय द्यायला हवा. पण घरबसल्या वाचून माणसाच्या मनाला हात घालायचा परवाना मिळू नये, हेही तेवढंच खरं.

इतक्यात आणखी एक पेच. नव्या शैक्षणिक धोरणाने एम.फिल. पदवीच मोडीत काढली. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकिअॅट्रिक सोशल वर्क यांना विद्यापीठ अनुदान आयोगाने मुदतवाढ दिली, ती शैक्षणिक वर्ष २०२५-२६ पर्यंत. आरसीआयने त्याच्या जागी नवे अभ्यासक्रम आणले आहेत, त्यात साय.डी.ही आहे. कायद्याची व्याख्या मात्र ज्या पदवीवर उभी आहे ती पदवीच जाऊ घातली आहे. परदेशी डॉक्टरेटची तुलना आता कशाशी करायची? ज्या मापाने मोजायचं ते मापच बदलत असताना मापणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही, पण माप बदलताना परदेशातून येणाऱ्यांचा विचार आत्ताच केला तर पुढची वीस वर्षं वाचतील.

तो कसा करावा, याचा एक नमुना ब्रिटनमध्ये आहे. तिथे जुलै २००९ पासून मानसशास्त्रज्ञांची नोंद आरोग्यसेवा व्यवसाय परिषदेकडे होते. बाहेरून आलेल्याच्या पदवीचं नाव काय, यापेक्षा त्या कामाला लागणाऱ्या ठरावीक क्षमता त्याच्या शिक्षणातून आणि अनुभवातून दिसतात का, हे ती तपासते. त्यामुळे डॉक्टरेट नसलेला पण वॉर्डात घडलेला माणूसही निदान विचारात घेतला जातो. ब्रिटनचंही सगळं सोन्यासारखं नाही. तिथे ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ या बिरुदाला संरक्षण आहे, पण नुसत्या ‘सायकॉलॉजिस्ट’ला नाही, म्हणजे पाट्यांचा गोंधळ तिकडेही आहेच. २०१६ मध्ये मानसशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी मूलभूत क्षमतांचा एक जाहीरनामा मान्य केला, तोही याच दिशेचा. माझं मत विचाराल तर आरसीआयने आणि सहयोगी आरोग्यसेवांच्या नव्या आयोगाने मिळून हेच करावं : पदवीचं नाव बाजूला ठेवा, देखरेखीखालचे तास मोजा, कमी पडतील तेवढे ठाण्याच्या मनोरुग्णालयात किंवा येरवड्याला भरून घ्या, वर एक परीक्षा ठेवा. महाराष्ट्रात ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. तिथे हात कमी आणि रुग्ण जास्त आहेत. परदेशातून शिकून आलेल्यांना सहा महिने तिथे बसवण्यात दोघांचंही भलं आहे.

आता बोगस मालाकडे. त्यावर फार शाई खर्च करायची गरज नाही, पण काही खुणा माहीत हव्यात. कॅलिफोर्नियात कोलंबिया पॅसिफिक युनिव्हर्सिटी नावाची मान्यता नसलेली पत्राचार संस्था होती, ती शेवटी न्यायालयाच्या आदेशाने बंद झाली. स्त्री-पुरुष वेगवेगळ्या ग्रहांवरून आले आहेत असं सांगून जगभर पुस्तकं खपवणारे जॉन ग्रे यांची डॉक्टरेट तिथलीच. २०१५ मध्ये कराचीच्या ॲक्झॅक्ट कंपनीचं प्रकरण न्यूयॉर्क टाइम्सने बाहेर काढलं. शेकडो खोटी विद्यापीठं, खोटे प्राध्यापक, फक्त वेबसाइटवर. ग्राहक जगभर पसरलेले. आपल्याकडे पंचतारांकित हॉटेलच्या हॉलमध्ये झूल आणि टोपी घालून फोटोसकट मिळणारी ‘मानद डॉक्टरेट’ ही त्याचीच घरगुती आवृत्ती. मानद पदवी सन्मान असतो. तिच्या जोरावर रुग्ण तपासणं म्हणजे क्रिकेटच्या उद्घाटनाला फीत कापली म्हणून संघात घ्या म्हणण्यासारखं आहे.

सगळ्यात फसवी वस्तू म्हणजे अपॉस्टिल. भारत २००५ मध्ये हेग कराराचा सदस्य झाला आणि तेव्हापासून तो चौकोनी शिक्का लोकांच्या डोळ्यांत भरतो. फ्रेम करून भिंतीवर लावलेल्या प्रमाणपत्रामागे तो असला की लोक मान डोलावतात. पण अपॉस्टिल एवढंच सांगतो की कागदावरची सही-शिक्का अधिकृत माणसाचा आहे. विद्यापीठ चांगलं की टाकाऊ, त्यात रुग्ण पाहायला शिकवलं की नाही, याच्याशी त्याचा काहीही संबंध नाही. नोटरीकडून खरी नक्कल केलेला खोटा कागद खोटाच राहतो.

हल्ली तिसरा प्रकार वाढला आहे : इथे बसून तिकडचे अशील. न्यू जर्सीतल्या मराठी आजी इंग्रजी थेरपिस्टशी मन मोकळं करू शकत नाहीत, म्हणून मुलगा बदलापूरच्या कुणाशी तरी व्हिडिओ कॉल लावून देतो. माणुसकीच्या नजरेने यात वावगं काही नाही. कायद्याच्या नजरेने मात्र अशील ज्या राज्यात बसलेलं आहे त्या राज्याचा परवाना लागतो. चाळीसहून जास्त अमेरिकी राज्यांनी मानसशास्त्रज्ञांच्या ऑनलाइन कामासाठी आपसांत करार केला आहे, पण त्याचा लाभ तिथल्या परवानाधारकांना. इथल्या नोंदणीवर तिकडे उपचार करता येत नाहीत. आत्महत्येचा विचार बोलून दाखवला आणि मध्येच कॉल कट झाला, तर इकडून आपण कोणत्या पोलीस ठाण्याला फोन लावणार आहोत?

निम्हान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक विकार होता, आणि बहुतेक विकारांत उपचारच न मिळणाऱ्यांचं प्रमाण ७० टक्क्यांच्या वर होतं. अशा देशात शिकलेल्या माणसाला कागदासाठी ताटकळत ठेवणं ही चैन आहे. आणि न शिकलेल्याला पाटी लावू देणं हा गुन्हा आहे, निदान माझ्या लेखी. दोन्ही एकाच वेळी चालू आहे.

परदेशी शिकायला निघालेल्या मुलांनी सामानात एक गोष्ट ठेवावी : वही. कुठे, कोणाच्या देखरेखीखाली, किती तास, कोणत्या प्रकारच्या रुग्णांसोबत, आणि दर महिन्याला सही. प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या शिक्क्यासह जपून ठेवा. दहा वर्षांनी ते सुपरवायझर निवृत्त झालेले असतात, विभागाचं नाव बदललेलं असतं, आणि मागायला जाल तेव्हा खिडकीवरचा माणूस म्हणतो, ‘जुनं रेकॉर्ड पावसात गेलं.’

आपण, जे दाराबाहेर चप्पल काढतो, त्यांनी दोन गोष्टी विचाराव्यात. आरसीआयचा नोंदणी क्रमांक काय? तो परिषदेच्या वेबसाइटवर नाव घालून तपासता येतो, आणि त्याचं ठरावीक मुदतीनं नूतनीकरण करावं लागतं, म्हणून तारीखही बघा. क्रमांक नसेल, समुपदेशक असतील, तर रुग्णांसोबतचं प्रशिक्षण कुठे आणि कोणाच्या हाताखाली झालं? चांगल्या माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही. रात्री-अपरात्री कुणीच सापडत नसेल, तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक २०२२ पासून चालू आहे. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

आणि शिक्षण विभागाला विनंती. अंबरनाथ तालुक्यातल्या शाळा आता समुपदेशक नेमतील. प्रत्येक शाळेकडून नेमलेल्या व्यक्तीची पदवी, ती कुठल्या देशाची, देखरेखीखालच्या प्रशिक्षणाचं पत्र आणि असल्यास नोंदणी क्रमांक मागवा, आणि ही माहिती शाळेच्या दर्शनी फलकावर लावायला सांगा. त्यासाठी नवा कायदा लागणार नाही. एक परिपत्रक पुरेल.